नेढे, बुधला आणि चिनी अक्षरे : रूपकाच्या जागेपणाचा प्रश्न

१

ग्रामीण बोलीविषयीच्या मराठी लेखनात एक विधान वारंवार आढळते. नागर भाषेतील शब्द वापराने झिजून गुळगुळीत झालेले असतात, उलट डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द अजून प्रतिमेच्या ओलाव्याने भिजलेला असतो. म्हणून बोली ही जात्याच काव्यमय होय, असा त्या विधानाचा आशय असतो. हे विधान बोलीविषयीच्या आदरातून जन्मलेले असल्यामुळे सहसा कोणी त्याची परीक्षा करीत नाही. परंतु आदरातून जन्मलेले विधान खरे असतेच असे नाही. शिवाय ते ज्याच्याविषयी केले जाते त्या बोलणाऱ्याच्या मनात शब्द ऐकताना वा उच्चारताना काय घडते, याविषयीचा एक सिद्धान्त त्यात नकळत गृहीत धरलेला असतो. त्या सिद्धान्ताची परीक्षा करणे हा येथे हेतू आहे.

पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस सह्याद्रीला टेकून असलेले भोर व वेल्हे हे दोन तालुके या परीक्षेसाठी सोयीचे आहेत. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, जुने वाङ्मय व शब्दसंग्रह यांच्याशी मेळ राहावा म्हणून येथे वेल्हे हेच नाव ठेवले आहे.) नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या मावळ प्रदेशात भूमीच्या प्रत्येक वळणाला नाव आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ नावे सादृश्यातून आलेली आहेत. डोंगराला माथा आहे, खांदा आहे, पोट आहे, सोंड आहे आणि पायथा आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार नैसर्गिक भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. नेढे म्हणजे सुईचे दोरा ओवण्याचे भोक. तोरण्याच्या एका माचीचे नाव बुधला. बुधला म्हणजे तेलातुपाचे अरुंद गळ्याचे भांडे. राजगडाला चोर दरवाजा आहे आणि चिलखती बुरूज आहेत. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या अरुंद घळींना नाळ म्हणतात. सिंगापूरची नाळ, बोराट्याची नाळ ही नावे डोंगर चढणाऱ्यांना परिचित आहेत. खाली खाचरात भाताचे पीक कणीस बाहेर पडण्यापूर्वी पोटरीत येते, आणि याच मावळपट्टीत पिकणाऱ्या एका तांदळाचे नाव आंबेमोहोर आहे.

अशी यादी समोर आली की समीक्षक सहजच म्हणतो, ‘पाहा, येथील माणूस रूपकांतूनच विचार करतो.’ प्रश्न असा आहे की हे रूपक कोणाच्या मनात घडले? गुंजवणे वा पाली या गडाच्या पायथ्याच्या गावी वाढलेल्या माणसाच्या मनात, की यादी वाचणाऱ्या समीक्षकाच्या?

२

हाच प्रश्न दुसऱ्या एका भाषेच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी उपस्थित झालेला आहे, आणि त्याचे उत्तर तेथे पुरेसे स्पष्ट झाले आहे. ती भाषा चिनी होय. तोकियो येथे अध्यापन केलेले अमेरिकन विद्वान अर्नेस्ट फेनोलोसा १९०८ मध्ये निवर्तले. चिनी लिपी हे काव्याचे माध्यम म्हणून कसे आहे याविषयीचा त्यांचा निबंध एझ्रा पाउंड यांनी संपादून १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. चिनी अक्षर हे वस्तूचे व क्रियेचे चित्र असल्यामुळे त्यातील मूळ रूपक वाचकाच्या डोळ्यांपुढे सदैव उभे असते, असे फेनोलोसांचे प्रतिपादन होते. ‘माणूस घोडा पाहतो’ या अर्थाच्या वाक्यातील तीन अक्षरांकडे बोट दाखवून, माणूसही दोन पायांवर उभा, पाहणारा डोळाही पायांवर धावणारा आणि घोडा चार पायांवर उभा, असे एक हलते चित्र त्यांनी त्या वाक्यात पाहिले. युरोपीय भाषांतील रूपके मेली, चिनी भाषेतील मात्र लिपीमुळे जिवंत राहिली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इंग्रजी नवकाव्यावर या निबंधाचा प्रभाव पडला हे खरे. पण काव्यावर प्रभाव पडणे निराळे आणि विधान सत्य असणे निराळे.

चिनी भाषेच्या अभ्यासकांनी या मतातील दोष स्पष्ट केले आहेत. जॉन डीफ्रॅन्सिस यांच्या १९८४ च्या ग्रंथात चिनी लिपी म्हणजे कल्पनाचित्रांची लिपी या समजुतीचे सविस्तर खंडन आहे. बहुसंख्य चिनी अक्षरे एका अर्थसूचक व एका ध्वनिसूचक भागाने बनलेली असतात. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ या शब्दाचे अक्षर ‘स्त्री’ या चिन्हाला ‘घोडा’ हे चिन्ह जोडून लिहितात. कारण घोड्यालाही चिनी भाषेत सुरांच्या भेदाने ‘मा’च म्हणतात. आईला हाक मारणारे पत्र लिहिताना कोणा चिनी मुलाला घोडा आठवत नाही. याहून बोलका पुरावा पुढचा आहे. चीनमध्ये १९५६ साली जाहीर झालेल्या सुलभीकरणाच्या योजनेनंतर घोड्याचे दहा रेघांचे अक्षर तीन रेघांचे झाले आणि फेनोलोसांनी पाहिलेले चार पाय एका आडव्या रेघेत विरून गेले. पाय गेले, पण वाचन अडले नाही. जे पाय वाचकाच्या आकलनाला आधार देत होते असे मानले गेले, ते त्या आकलनात नव्हतेच.

फेनोलोसांची चूक लिपीविषयीच्या अज्ञानाची नव्हे; तिचे स्वरूप अधिक सर्वसाधारण आहे. शब्दाच्या उगमात जे आहे ते शब्दाच्या वापरात असतेच, असे त्यांनी मानले. परक्या वाचकाला उगम दिसतो, कारण त्याला वापराचा सराव नसतो. मावळी बोलीकडे पाहणाऱ्या नागर समीक्षकाची स्थिती नेमकी अशीच असते.

३

उगम आणि वापर यांतील हा भेद भारतीय साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन अशी तीन अंगे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितली. रूढीमुळे होणाऱ्या लक्षणेचे उदाहरण म्हणून त्याने ‘कुशल’ हा शब्द घेतला. दर्भ तोडून आणणारा हा त्याचा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ. तो ‘कामात कुशल’ अशा प्रयोगात जुळत नाही, म्हणून निपुण हा अर्थ लक्षणेने येतो, असे त्याचे म्हणणे. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने यावर आक्षेप घेतला. शब्द बनण्याचे कारण एक आणि शब्द वापरला जाण्याचे कारण दुसरे असू शकते. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ हाच मुख्यार्थ मानला, तर गमन करणारी ती गाय या व्युत्पत्तीमुळे ‘गाय निजली आहे’ या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. म्हणून कुशल या शब्दाचा निपुण हाच मुख्यार्थ होय. व्युत्पत्तिनिमित्त व प्रवृत्तिनिमित्त यांतील हा भेद बोलीतील रूपकांच्या चर्चेत विसरला जातो. नेढे हा शब्द सुईवरून आला असेल, पण राजगडावर तो सुईमुळे वापरला जातो काय, हा विश्वनाथाचा प्रश्न आहे.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुख्यार्थबाध ही मम्मटाने सांगितलेली अट तार्किक आहे. आधी मुख्यार्थ मनात येतो, काही क्षणांनी तो अडतो आणि मग लक्ष्यार्थ येतो, असे काळाचे मोजमाप त्याने मांडलेले नाही. उलट ध्वनिविचारात असंलक्ष्यक्रम ही संज्ञा आहे. क्रम असतो, पण जाणवत नाही. एकावर एक रचलेल्या शंभर कमळपाकळ्या सुईने एकदम भेदल्या जाव्यात तसा तो असतो, असा दृष्टान्त दिला जातो. म्हणजे या प्रश्नाचा निर्णय केवळ आत्मनिरीक्षणाने लागणारा नाही, ही जाणीव प्राचीनांना होती. पाकळ्या एकेक भेदल्या गेल्या की नाही हे पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते, इतकेच. ते साधन गेल्या पन्नास वर्षांत काही प्रमाणात हाती आले आहे.

४

वाक्य समजण्यास लागणारा वेळ मोजून रूपकाचे आकलन अभ्यासण्याची पद्धत १९७० नंतर रूढ झाली. ऑर्टनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले की, संदर्भ तोकडा असेल तर लाक्षणिक वाक्य समजण्यास अधिक वेळ लागतो. संदर्भ भरपूर असेल तर हा फरक उरत नाही. ग्लक्सबर्ग, गिल्डिया व बुकिन यांचा १९८२ चा प्रयोग अधिक मार्मिक आहे. ‘काही नोकऱ्या तुरुंग असतात’ अशा धर्तीची वाक्ये दाखवून, ती शब्दशः खरी की खोटी एवढेच सांगा, असे वाचकांना सांगण्यात आले. लाक्षणिक अर्थाची येथे गरजच नव्हती. तरीही लाक्षणिक दृष्टीने खऱ्या वाटणाऱ्या वाक्यांना ‘खोटे’ म्हणताना वाचक अडखळले. मुख्यार्थाचा बाध होण्याची वाट न पाहता लाक्षणिक अर्थ आपोआप उभा राहतो, असा त्याचा अर्थ होतो.

राखेल गिओरा यांनी १९९७ मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली. वाच्य आधी की लक्ष्य आधी, हा वाद त्यांच्या मते गौण आहे. परिचय, वारंवारता व रूढी यांमुळे जो अर्थ त्या मनात ठळक झालेला असतो तो आधी येतो, मग तो वाच्य असो की लक्ष्य. बाउडल व जेंटनर यांनी २००५ मध्ये रूपकाला एक जीवनक्रम असतो असे प्रतिपादन केले. नवे रूपक तुलनेने समजते: दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांतील साम्य शोधावे लागते. ते रूढ झाले की उपमान शब्दाला एक नवा व्यापक अर्थ चिकटतो आणि मग तुलना न करता त्या अर्थाच्या वर्गात वस्तू टाकली जाते. मेंदूतील विद्युत्-लहरींच्या नोंदींचा आधारही या विचाराला मिळतो. अपेक्षेशी न जुळणाऱ्या शब्दानंतर सुमारे ४०० सहस्रांश सेकंदांनी उमटणारा ऋण तरंग कुटास व हिलयार्ड यांनी १९८० मध्ये वर्णिला. कोलसन व व्हॅन पेटन यांनी २००२ मध्ये दाखविले की वाच्य वाक्यापासून रूपकापर्यंत या तरंगाची तीव्रता पायरीपायरीने वाढते. वाच्य व रूपक यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे.

चिनी भाषेने या क्षेत्रात एक इशाराही दिलेला आहे. चिनीत गेल्या महिन्याला ‘वरचा महिना’ आणि येत्या महिन्याला ‘खालचा महिना’ असे म्हणतात. मराठीत तेच मागचा व पुढचा होतात. लेरा बोरोडिट्स्की यांनी २००१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की चिनी भाषक काळाचा विचारही उभ्या दिशेने करतात. हा निष्कर्ष फार गाजला. पण २००७ मध्ये चेन यांनी, तसेच जॅन्युअरी व काको यांनी, तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. शिवाय चिनीत काळासाठी आडव्या दिशेचे शब्दच अधिक वापरले जातात, असे चेन यांच्या मोजणीत आढळले. बोरोडिट्स्की व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निराळ्या पद्धतीने पुन्हा पुरावा दिला आणि वाद चालू राहिला. त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, दोनचार लक्षवेधक शब्दांवरून ‘चिनी मन’ असे काही सिद्ध होत नाही. ‘मावळी मन’ ही संज्ञाही त्याच न्यायाने जपून वापरावयास हवी.

५

आता भोर-वेल्ह्याच्या शब्दांकडे पुन्हा वळता येईल. ते सर्व एका जातीचे नाहीत, हे प्रथमच लक्षात येते.

चोर दरवाजा या नावात चोर दिसतो. पण चोरवाट, चोरखिसा, चोरकप्पा हे शब्द शेजारी ठेवले म्हणजे चोर या पूर्वपदाला ‘सहज न दिसणारा’ असा स्वतंत्र अर्थ आलेला दिसतो. बाउडल व जेंटनर यांच्या परिभाषेत येथे तुलना संपून वर्गीकरण सुरू झाले आहे. पोटरी या शब्दाचेही तसेच. पायाच्या फुगीर भागाशी असलेले साम्य उघड आहे, तरी कृषिविषयक पत्रकांत ‘पोटरी अवस्था’ ही एक काटेकोर संज्ञा आहे. पाण्याची पाळी कधी द्यावी हे ठरविताना शेतकऱ्याला पाय आठवण्याचे कारण नाही.

बुधल्याची गोष्ट निराळी आहे. येथे उपमानच व्यवहारातून गेले. तेलातुपाचे बुधले घरोघर होते तेव्हा तोरण्याची ती माची पाहून भांडे आठवत असेल. आज ते भांडे पाहिलेलेच नाही अशा तरुणाला बुधला हे फक्त माचीचे नाव आहे. त्याला कोणी संग्रहालयात बुधला दाखविला, तर हे भांडे माचीसारखे दिसते, असे तो म्हणण्याचा संभव अधिक. उपमान व उपमेय यांची अशी अदलाबदल नेढ्याच्या बाबतीतही शक्य आहे. गडाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलाच्या कानी हा शब्द प्रथम कोणत्या अर्थाने पडतो? गुरे राखताना दिसणाऱ्या खडकातील भोकाच्या अर्थाने पडत असेल, तर त्याच्या मनात डोंगरातील नेढे हा मुख्यार्थ ठरेल आणि सुईतील नेढे हे रूपक. कोशात कोणता अर्थ आधी छापला आहे यावरून याचा निर्णय होणार नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. त्यांतील अर्थांचा क्रम हा कोशकाराने लावलेला असतो, बोलणाऱ्याच्या मनाचा नव्हे.

नाळ हा शब्द तर समीक्षकाचीच परीक्षा घेणारा आहे. घाटातील नाळ वाचताच त्याला गर्भनाळ आठवते आणि डोंगर व कोकण यांना मायलेकरांचे नाते जोडणारी प्रतिमा त्यात दिसू लागते. मात्र त्याच लेखात तो ‘लेखकाची मातीशी नाळ जुळलेली आहे’ असे लिहितो, तेव्हा त्याला गर्भ, वार वा सुईण यांपैकी काहीही आठवत नाही. त्याच्या हातून ते वाक्य सवयीने लिहिले गेलेले असते. म्हणजे स्वतःच्या भाषेतील नाळ त्याला निर्जीव आणि परक्याच्या भाषेतील नाळ सजीव वाटते. हा भेद शब्दातला नाही, ओळखीतला आहे.

यादीत नसलेले एक नाव येथे मुद्दाम घ्यावयास हवे. भोरजवळ नीरा नदी मोठे वळण घेते ती जागा वरच्या रस्त्यावरून पाहणाऱ्यांत ‘नेकलेस पॉइंट’ म्हणून ओळखली जाते. हे नाव उसन्या शब्दांचे व पर्यटकांच्या तोंडचे आहे. म्हणून बोलीतील काव्य शोधणारा त्याची नोंदही घेणार नाही. परंतु मनोव्यापाराच्या दृष्टीने पाहिले, तर यादीत सर्वांत ताजी तुलना हीच आहे. नदी आणि गळ्यातला दागिना या दोन वस्तू शेजारी ठेवल्याशिवाय ते नाव नवख्याला समजत नाही. काव्यमयतेचा निकष मनात घडणारी तुलना हा असेल, तर नेकलेस पॉइंट पोटरीच्या पुढे बसतो. हे ज्याला पटत नाही, त्याचा निकष मनोव्यापार हा नसून शब्दाचे गावरानपण हा आहे, असे म्हणावे लागते.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बोलणाऱ्यांना अर्थ विचारला तर ते स्वतःच सादृश्य सांगतात. नेढे का, तर सुईच्या नेढ्यासारखे म्हणून. तेव्हा रूपक त्यांच्या मनात आहेच. या आक्षेपाचे उत्तर कायसार व ब्लाय यांच्या १९९५ च्या प्रयोगात मिळते. वापरातून गेलेले वाक्प्रचार वाचकांना शिकविताना काहींना खरा अर्थ आणि काहींना नेमका उलटा अर्थ शिकविला गेला. ज्याला जो अर्थ शिकविला, त्याला त्या शब्दांतून तोच अर्थ स्वाभाविकपणे निघतो असे वाटू लागले. विचारल्यावर सांगितलेले सादृश्य हे विचारण्याच्या क्षणी रचलेले असू शकते. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्नच पुष्कळदा निजलेल्या रूपकाला जागे करतो, आणि मग ते जागेच होते अशी नोंद वहीत होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेकॉफ व जॉन्सन यांनी १९८० मध्ये प्रतिपादन केले की, ज्या रूपकांची जाणीव होत नाही तीच विचाराला सर्वाधिक घडवितात. तेव्हा डोंगर म्हणजे देह ही संकल्पना न जाणवताही मावळी माणसाच्या विचाराचा पाया असू शकेल. हे तत्त्वतः शक्य आहे. पण अशा पायाभूत रूपकाची खूण म्हणजे त्याची सुसंगती. येथील शब्द पाहता माथा, खांदा, पोट व पायथा हे मनुष्यदेहाचे, सोंड हत्तीची, नेढे सुईचे, बुधला भांड्याचा आणि नाळ नळीची. या साऱ्यांतून एक देह उभा राहत नाही. प्रत्येक आकाराला सोयीचे नाव मिळालेले दिसते. चिनीतही डोंगराचे डोके, कंबर व पाय अशा अर्थांचे शब्द आहेत: शानथोउ, शानयाओ, शानज्याओ. दोन असंबद्ध भाषांत हे साम्य आढळते ते देह ही सर्वांना हाताशी असलेली वस्तू आहे म्हणून. त्यावरून दोन्हीकडचा माणूस डोंगराकडे जिवंत प्राणी म्हणून पाहतो असे अनुमान निघत नाही.

तथापि ही रूपके मेली आहेत असे म्हणणेही तितकेच चूक ठरेल. कॉर्नेलिया म्युलर यांच्या २००८ च्या ग्रंथात मृत व जिवंत या जोडीऐवजी निद्रित व जागृत अशी जोडी सुचविली आहे. ती येथे उपयुक्त आहे. ‘पावसात डोंगराचे पोट ढासळले’ या वाक्यात पोट निजलेले आहे. ‘यंदाच्या पावसाने डोंगराचे पोट बिघडले’ असे कोणी म्हणताच तोच शब्द जागा होतो. शब्द बदलला नाही. त्याला जागे करणारी कृती नवी आहे. ही कृती वेल्ह्याचा शेतकरी करू शकतो, पुण्याचा प्राध्यापक करू शकतो, आणि कवी ती हेतुपूर्वक करतो.

७

या विवेचनाचा समीक्षेशी संबंध येथेच येतो. प्रादेशिक कादंबरीत बोलीतील शब्द आला म्हणजे प्रतिमा आली असे धरून प्रतिमांची मोजणी करण्याची प्रथा प्रबंधलेखनात आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबरीच्या शीर्षकातील माची हा शब्द डोंगरी वस्तीतल्या माणसाला जागेचे साधे नाव आहे. माच म्हणजे बाज हे आठवून त्यात उंच मांडलेल्या आसनाची प्रतिमा पाहणारा वाचक ती स्वतः घडवितो. असे घडविणे गैर नव्हे. वाचकाच्या मनातील परिणाम हाही समीक्षेचा विषय आहे. पण तो परिणाम बोलणाऱ्या पात्राच्या मनोवृत्तीचा पुरावा म्हणून मांडला की दोष घडतो. मर्ढेकरांनी प्रतिमेचे मर्म बाह्य साम्यात न शोधता भावनानिष्ठ समतानतेत शोधले. तो विचार मान्य असो वा नसो, सादृश्यवाचक शब्दांची यादी म्हणजे प्रतिमासृष्टी नव्हे, एवढे त्यातून घेता येते. मोजावयाचे ते शब्द नव्हेत, कलाकृतीत शब्द जागा केल्याची स्थळे होत.

बोलीच्या अभ्यासकांपुढेही यातून एक काम उभे राहते. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतर मराठी बोलींच्या पाहणीची जी मालिका सुरू केली तिच्यात वरंध घाटाखालील महाडची कुणबी बोली आहे. अशा पाहणीतून ध्वनी, रूपे व शब्द मिळतात. शब्दाचे मनातील स्थान मिळत नाही. ते मिळविण्यासाठी भोर-वेल्ह्यात तीन गटांची तुलना करता येईल: त्याच गावी वाढलेले, लग्न होऊन दुसऱ्या मुलखातून आलेल्या स्त्रिया, ज्यांना ही स्थलनामे प्रौढ वयात भेटली, आणि केवळ गड पाहण्यास येणारे. वाक्ये छापील न देता ऐकवावीत, कारण हे शब्द मुख्यतः कानाने शिकलेले असतात. ‘डोंगराला सोंड असते’ हे शब्दशः खरे की खोटे, एवढा साधा प्रश्नही पुरेल. एकाने क्षणाचा विलंब न लावता ‘खरे’ म्हटले, दुसरा घुटमळला आणि तिसऱ्याने ‘खोटे’ म्हटले, तर एकच वाक्य एकाला वाच्य, दुसऱ्याला संदिग्ध व तिसऱ्याला लाक्षणिक आहे हे मोजमापाने दिसेल. सादृश्याचे कारण विचारावयाचे ते सर्वांत शेवटी, आधी नव्हे.

बोलीला जात्याच काव्यमय म्हणण्यात तिचा गौरव होतो असा समज आहे. वस्तुतः त्यात तिच्या भाषकाकडून एक गोष्ट काढून घेतली जाते. ज्याचे बोलणे सदैव आपोआप काव्यच असते, त्याला साधे विधान करण्याची मोकळीक राहत नाही आणि त्याने मुद्दाम केलेल्या कल्पक उक्तीचे श्रेयही त्याला मिळत नाही. दोन्ही ‘बोलीच्या गोडव्यात’ जमा होतात. भात पोटरीत आले असे सांगणारा शेतकरी पिकाची स्थिती नेमकेपणाने सांगत असतो. डोंगराचे पोट बिघडले असे म्हणणारा विनोद करीत असतो. या दोन वाक्यांतील भेद ज्या समीक्षेला ऐकू येतो, तिलाच त्याच्या बोलीविषयी काही सांगण्याचा अधिकार आहे.